निम्मा सोया

कोल्हापूरहून राधानगरीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका आक्काची खानावळ होती. सहा बाकडी, दारात पाण्याचा पिंप, भिंतीवर खडूनं लिहायचा फळा. फळ्यावर असेल तेच मिळायचं, आणि मिळेल तेच फळ्यावर असायचं. २०१९ च्या अखेरीला मटणाचा दर इतका चढला की कोल्हापुरात लोक आंदोलन करायला रस्त्यावर उतरले. (बाहेरच्यांना त्याचं हसू आलं. कोल्हापूरकरांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.) तेव्हा आक्कानं फळ्यावरचा ‘मटण खिमा’ ओल्या फडक्यानं पुसला, ‘चिकन खिमा’ लिहिलं आणि दर उतरवला. गिऱ्हाइकांनी थोडे दिवस तोंडं वाकडी केली आणि मग मुकाट खाल्लं.

खानावळीचे खरे परीक्षक म्हणजे आक्काचे सासरे. सगळा रस्ता त्यांना आबा म्हणायचा. तरुणपणी तालमीच्या मातीत घुमलेला गडी, दूध-थंडाई आणि मटणावर वाढलेला. रविवारी सकाळी मीठ-हळदीत शिजलेल्या मटणाचं अळणी पाणी पहिल्यांदा आबांच्या वाटीत पडायचं. तांबडा काय नि पांढरा काय, दोन्ही रस्से ह्याच अळणीवर उभे राहतात. वाटण कितीही झकास असो, अळणी बिघडली की रस्सा नुसता तिखट लागतो. आबांनी वाटी रिकामी करून मान हलवली की आक्का पुढच्या फोडणीला लागायची.

पुढे काही वर्षांनी आषाढीला आबा पंढरपूरला गेले आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आले. आजी गेल्यापासून त्यांच्या मनात होतंच. श्रावणात काही फरक कळला नाही, कारण श्रावणात सगळेच माळकरी. गणपती गेले, नवरात्र उठलं, आणि दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आबांनी आपली पिठलं-भाकरीची ताटली उचलली आणि परड्यातल्या कट्ट्यावर जाऊन बसले. कुणाला काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी तेच. दिवाळीपर्यंत सदऱ्याचे खांदे सैल दिसायला लागले.

आक्काला दोन गोष्टी टोचत होत्या. म्हाताऱ्याच्या अंगाला लागेल असं काही पोटात जात नाही ही एक. दुसरी, रविवारची पंगत म्हाताऱ्याविना बसते. पिठल्यावर तिचा राग नव्हता, पण सहा बाकड्यांवर रस्सा ओरपला जात असताना घरच्या वडीलधाऱ्यानं मागच्या दारी पिठलं खायचं, हे तिला बघवेना.

“मामा, कोंबडीसारखं पन कोंबडी न्हवं, असं काय केलं तर खाशीला का?”

“करून तर बघ,” आबा म्हणाले. “माळ गळ्यात हाय, जीभ काय काशीला गेल्याली न्हाई.”

पहिल्यांदा तिनं सोयाच्या वड्या आणल्या. गंमत अशी की आक्काच्या स्वतःच्या रानात दर पावसाळ्यात सोयाबीन असायचं. पोती व्यापाऱ्याच्या वजनकाट्यावर जायची आणि विषय तिथंच संपायचा; घरात त्याचा दाणाही कुणी चाखला नव्हता. त्या दाण्याचं कारखान्यात तेल निघतं, उरलेल्या पेंडेचं पीठ होतं, ते पीठ उष्णतेत आणि दाबाखाली शिजवून बारीक तोंडातून बाहेर ढकलतात. दाब सुटला की ते फुगतं आणि आत मांसासारखे धागे तयार होतात. हे तंत्र १९६० च्या दशकात अमेरिकेत बसवलं गेलं. रानातून पोत्यातनं गेलेला माल असा फिरून आक्काच्या घरी पुडक्यातनं आला. कोरड्या वडीत वजनाच्या जवळजवळ निम्मं प्रथिन असतं म्हणतात ते खरंच आहे. मात्र भिजल्यावर ती अडीच-तीन पट जड होते, म्हणजे ताटात पडलेल्या वडीत बरंचसं पाणीच असतं, हे पुडक्यावरचा मोठा आकडा वाचणाऱ्यांनी विसरू नये.

आक्कानं पहिल्या दिवशी वड्या धुतल्या आणि सरळ उकळत्या रश्शात सोडल्या. आबांनी एक तोंडात घातली. चावल्याबरोबर आतून नुसतं ऊन पाणी सुटलं, आणि पाण्याला कच्च्या पिठाचा वास.

“पोरी, हे चावायचं का प्यायाचं?”

ती हटली नाही. पुढच्या खेपेला वड्या मिठाच्या कढत पाण्यात भिजवल्या, पिळल्या, ते पाणी फेकलं, पुन्हा साध्या पाण्यात घालून पिळल्या. वास गेला. मग दही, हळद, आलं-लसूण चोळून ठेवल्या आणि कडा लाल होईपर्यंत तव्यावर परतल्या, तेव्हा कुठं वडी दाताखाली थोडी अडायला लागली. खरा घोळ पुढेच होता. वडी सुधारली, पण रस्सा पोकळच. अळणीच नाही तर रस्सा टेकणार कशावर? आक्कानं अख्खा मसूर शिजवून त्याचं दाट पाणी घेतलं, कांदे चुलीच्या निखाऱ्यात सालासकट भाजले, सुकं खोबरं नेहमीपेक्षा एक छटा काळं होऊ दिलं, आणि मटणाच्या चरबीची जागा भरायला तीळ-शेंगदाण्याचं वाटण वाढवलं. वर लाल तवंग आला. पांढऱ्या रश्शाला मसूर चालेना, रंग मळतो. तिथं हरभऱ्याच्या डाळीचं पाणी, काजू आणि नारळाचं दूध. ह्या एका गोष्टीत तिचे कितीतरी रविवार गेले. मला विचाराल तर सगळ्या खटपटीतलं मोलाचं काम हेच होतं. लोक कोंबडीच्या तुकड्याला पर्याय शोधत बसतात, आणि चव तर भांड्याच्या तळाशी असते.

आबांनी मसूराच्या पाण्याची वाटी तोंडाला लावली, थोडा वेळ गप्प बसले. “मीठ घाल चिमटीभर,” म्हणाले. मान हलली नाही, पण वाटीही खाली राहिली नाही.

मध्यंतरी धिंगरी करून झाली. ती सुरीनं कापायची नाही, रेषेनं हातानं फाडायची, कोरड्याच तव्यावर सगळं पाणी आटवायचं आणि मग मसाला. झाली फार सुरेख. आबांनी ताटली साफ केली आणि वर म्हणाले, “ही अळंबी हाय, अळंबी म्हणूनच दे की. कोंबडीचं सोंग कशाला तिला?” पण ताजी धिंगरी दर रविवारी मिळेना, मिळाली तर संध्याकाळपर्यंत टिकेना. तो नाद सुटला.

मग पुण्याहून भाची आली. तिनं बर्फाच्या पिशवीतून एक पाकीट आणलं होतं: कोंबडीसारखेच तुकडे, आणि कोपऱ्यात हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. “मामी, आता हे लई चाललंय. रितेश देशमुख आणि जिनिलियानं पण २०२१ मध्ये अशाच मालाची कंपनी काढली.”

“विलासरावांच्या पोरानं?” आबा सावरून बसले. “वाच बरं, काय काय घातलंय त्यात.”

भाचीनं बारीक अक्षरातली यादी शेवटपर्यंत वाचली. आबांनी पाकीट स्वतःच्या हातात घेतलं, ठिपक्यावरून अंगठा फिरवला. “छापलंय न्हवं? मग आसंल खरं.”

तुकडे तळले. धागा सुटत होता, चावा बरोबर होता, मसाल्यात तर ओळखणं कठीण. आबांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा उचलला आणि खाली ठेवला.

“काय झालं, मामा?”

“लईच कोंबडी हाय गं. मला माझंच भ्या वाटाय लागलं.”

माळकऱ्यानं कोंबडीसारखं दिसणारं खावं का, ह्यावर गावात मग बराच खल झाला. चीनमधल्या बौद्ध मठांत कणकेतला स्टार्च धुऊन उरलेल्या चिवट गोळ्यापासून आणि टोफूपासून शतकानुशतकं बदकं नि मासे घडवले जातात, आणि तिथल्या भिक्षूंचं काही बिघडलेलं दिसत नाही. पण आबांनी ते पाकीट सोडलं ते सोडलंच, आणि माणसाला स्वतःची भीती वाटत असेल तर त्याला मठाचा दाखला देऊन उपयोग नसतो.

महाशिवरात्र झाली आणि फणस आला. आक्काचा नवरा एस.टी.त चालक. फोंडा घाटातनं गाडी कणकवलीला जायची, तिथनं तो दोन कुयऱ्या घेऊन आला. गरे धरायच्या आधीचा कोवळा फणस, काटे अजून मऊ. विळीला आणि हाताला तेल लावूनही चिकानं आक्काची बोटं चिकटली. फोडी हळदीच्या पाण्यात उकडल्या, हातानं रेषेनं सोडवल्या, आणि सुक्यासारख्या कोरड्या परतल्या. ताटात ठेवल्यावर परड्यातली मांजर येऊन हुंगून गेली. फणसात सोयाइतका दम नसतो, प्रथिन अगदीच बेताचं, हे आक्काला डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. म्हणून तिनं जोडी लावली: सुक्कं फणसाचं, रस्सा सोयाचा. आबा त्या रविवारी आतल्या बाकड्यावर, आपल्या जुन्या जागी येऊन बसले. बघणाऱ्यांना वाटलं, झालं, गोष्ट संपली.

ती बाळूमुळं संपली नाही. बाळू आक्काचा थोरला, गल्ल्यावर बसणारा, हिशेबाला पक्का. उन्हाळ्यात उष्म्यानं कोंबड्या मरतात आणि चिकनचा दर चढतो, हे त्याला दरवर्षी रडवायचं. ह्या वर्षी त्याच्या डोळ्यांसमोर सोयाच्या चुऱ्याचा पुडा होता. मसाल्यात परतलेला चुरा आणि खिमा शेजारी ठेवले तर उन्हात उभं राहूनही फरक कळेना. त्यानं पहिल्यांदा शेराला पावशेर घातला. कुणी काही बोललं नाही. मग निम्मा घातला. एका गिऱ्हाइकानं तर सांगितलं, आजकाल खिमा हलका पडतोय, पोटाला त्रास न्हाई.

आक्काला ठाऊक होतं का? चिकन पूर्वीपेक्षा जास्त दिवस पुरतंय, हे जिच्या हातानं ते धुतलं जातं तिला कळणार नाही असं होत नाही. तिनं विचारलं नाही, एवढंच. फळ्यावर ‘चिकन खिमा’ तसाच राहिला.

आता ह्यात विष थोडंच होतं? अमेरिकेत १९७१ मध्ये शाळेतल्या मुलांच्या जेवणात मांसामध्ये ३० टक्क्यांपर्यंत असा सोया मिसळायला सरकारनंच परवानगी दिली. फक्त तिथं तो नियम छापून काढलेला होता, आणि बाळूचा नियम बाळूच्या डोक्यात होता.

फुटलं ते अगदी साधेपणानं. समोरचा किराणा दुकानदार रविवारी दुपारी जेवायला आला. बाकडी भरलेली. खिमा-पाव मागवता मागवता तो मोठ्यानं बोलला, “बाळू, दर आठवड्याला एवढा सोयाचा चुरा न्हेतोस, आबा एकटं खात्यात व्हय रं सगळा?”

कुणीतरी हसलं. बाळू हसला नाही, आणि तो हसला नाही म्हणून बाकीचेही थांबले. एका ट्रकवाल्यानं ताटलीतला खिमा चमच्यानं पसरून बघितला, जसा काही आता तो दिसणार होता. “आयला,” तो म्हणाला, “चव तर बरी हुती. पन मी पैसं कोंबडीचं दिलं की.” कोपऱ्यातला एक मास्तर माळकरी होता. आबांसाठी व्हायला लागलेला सोयाचा रस्सा खायला तोही हल्ली येऊन बसायचा. त्याचा घास हातातच राहिला. त्यानं विचारलं ते अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “आक्का, आमच्या रश्शात काय घालता मग?”

“देवाशप्पत, मसूराचं पाणी घालते, मास्तर.”

मास्तर काही म्हणाला नाही. उत्तर आतल्या बाकड्यावरून आलं. आबांनी ताटलीवर तळवा आडवा धरला होता.

“पोरी, ज्या घरात कोंबडीत सोया पडला, त्या घरात माझ्या सोयात अळणी पडली नसंल, हे मी कुणाला इचारू?”

“मामा, न्हाई हो पडली!”

“मी पडली म्हंत न्हाई. मी इचारायचं कुणाला, एवढंच म्हंतोय.”

ते उठले, ताटली तशीच ठेवून परड्यात गेले. दुसऱ्या दिवसापासून आपलं पिठलं आपणच तीन दगडांवर करून घ्यायला लागले. पुण्याच्या पाकिटावर, कधी न पाहिलेल्या कारखान्यावर, ज्यांनी ठिपका बघून विश्वास ठेवला होता, त्यांना घरच्या सुनेच्या पळीवर तो ठेवता येईना. ह्याहून वाईट शिव्या आक्कानं गिऱ्हाइकांच्या ऐकल्या होत्या, त्या कधी लागल्या नव्हत्या.

बाळूचं म्हणणं, दोन आठवडे जाऊ दे, लोक विसरतील. आणि तो चुकीचं बोलत नव्हता. लोक विसरतात, त्यातून भुकेले असले तर लवकर. आक्कानं त्याला उत्तर दिलं नाही. तिनं गवंडी बोलावला आणि आतली दुसरी चूल फोडून दारात, बाकड्यांसमोर घातली. नवं पातेलं, नवी कढई, नवी पळी आणली. रंगाचा छोटा डबा आणून पातेल्याच्या पोटावर, झाकणावर आणि पळीच्या दांड्यावर हिरवा ठिपका काढला. खानावळीतल्या पातेल्यावर ठिपका काढायचा कायदा नाही. तो पाकिटाला असतो. मसूर आता सगळ्यांदेखत शिजायचा, वाटण सगळ्यांदेखत पडायचं, आणि मास्तर यायचा तेव्हा ती झाकण काढून म्हणायची, “बघा आधी.” मास्तराला संकोच वाटायचा. तरी तो बघायचा.

फळा तिनं बाळूला लिहायला लावला. बाळूचा खडू दोनदा मोडला. ‘चिकन खिमा’ आपल्या जुन्या दरानं, आणि खाली नवी ओळ: ‘खिमा, निम्मं चिकन निम्मा सोया’, दर कमी. त्याखाली हिरव्या खडूनं ‘सोया रस्सा, फणस सुक्कं (असेल तेव्हा). चूल वेगळी.’

पहिले काही आठवडे वाईट गेले. लोक ओळ वाचायचे, हसायचे, पुढच्या धाब्यावर जायचे. जे आले ते पूर्ण चिकनचा खिमा मागायचे आणि आला की पसरून तपासायचे. आक्का त्यांना तपासू द्यायची. ज्या ट्रकवाल्यानं ‘आयला’ म्हटलं होतं तोच पहिल्यांदा निम्म्या-निम्म्याकडे वळला. महिनाअखेर होती आणि खिशात बेतानं पैसे होते. खाऊन म्हणाला, “हेच खात हुतो की इतकं दिस.” मग दुसऱ्यानं मागवला. कॉलेजची पोरं तर फक्त तोच मागवायला लागली.

आबांचं मात्र घाईचं काम नव्हतं. रोज सकाळी ते काठी घेऊन दारातल्या चुलीपाशी स्टुलावर येऊन बसायचे, मसूर निवडण्यापासून फोडणीपर्यंत बघत राहायचे, आणि जेवायच्या वेळेला उठून परड्यात जायचे. आक्का काही विनवत नव्हती. एक दिवस आतल्या पोऱ्यानं गडबडीत तांबड्या रश्शाची पळी हिरव्या पातेल्याकडे नेली. आबांनी काठी आडवी घातली. पळी थांबली, पण टोकाचा थेंब पातेल्यात पडलाच. आक्कानं ते पाहिलं. सकाळपासून शिजलेला, चाळीसेक माणसांचा रस्सा. तिनं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, बाहेर नेलं आणि मोरीत ओतलं. मग फळ्यापाशी येऊन हिरवी ओळ पुसली आणि लिहिलं, ‘आज नाही’.

“थेंबभर हुता,” बाळू पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा आतल्या बाकड्यावर येऊन बसले. आक्कानं सोयाचा रस्सा, भाकरी आणि कांदा वाढला. त्यांनी रस्सा ओरपला, वडी चावली, भाकरीचा तुकडा बुडवला. “कोंबडी न्हाई ही,” म्हणाले. “वडी आजून चार मिन्टं परत. आनि वाढ.”

तेव्हापासून दारातल्या चुलीचा कारभार आबांकडे गेला. कुणी नवखा माळकरी आला की ते त्याला आधी पातेलं दाखवत, मग बाकडं.

गेल्या पावसाळ्यात एक जोडपं गाडी थांबवून आत आलं. फळा वाचून नवऱ्यानं निम्म्या-निम्म्याच्या दोन प्लेटी मागवल्या, खाल्ल्या, आणि पैसे द्यायला गल्ल्यावर येऊन बाळूला विचारलं, “सोया निम्मा, तर पैसे निम्मे का नाहीत?”

बाळूनं वळून आईकडे पाहिलं. आक्कानं हात पदराला पुसले, गल्ल्याखालची वही काढली आणि वाचायला लागली, “कांदा, किलोचा दर हा. खोबरं हे. तीळ. त्याल. सिलिंडर. पोऱ्याचा पगार. ह्यातलं काय निम्मं झालंय सांगा, तेवढं कमी करते.”

नवरा वही वाचायला पुढे वाकला. बायकोनं तेवढ्यात आणखी एक प्लेट मागवली.